गोदामांची घरपट्टी आणि पाड्यावरचा दवाखाना

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आठवतात, नाहीतर नाशिक महामार्गाकडेची गोदामं. पण शहराची हद्द ओलांडली की तालुका अजून भाताचा आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या पावसावर रोप टाकायचं, मग लावणी. कापणी झाली की उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा आणि माळावरचं गवत मुंबई-ठाण्याच्या तबेल्यांना विकायचं. या चक्रावर इथली गावं पिढ्यान् पिढ्या चालली. अशा गावाच्या गरजा मोजक्या असतात: जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, उन्हाळ्यातही पाणी देणारा नळ, वेळेवर येणारी एसटी, रेशनचं दुकान, पावसात न गळणारी स्मशानशेड. या सोयी गावात टिकल्या तर शेती करणारं कुटुंब गावात टिकतं, आणि त्या टिकवायच्या तर शेजारच्या गावांनी आपल्या कराचा काही भाग एकत्र केला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

यामागचं कारण जमिनीतच दिसतं. माणकोली, वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात गेल्या काही दशकांत खाचरांवर मुरमाचा भराव पडला आणि गोदामं उभी राहिली. भाताच्या खाचराची रचना साखळीची असते. वरच्या खाचरातलं जादा पाणी बांधाला ठेवलेल्या वाटेने खालच्यात उतरतं, तिथून पुढच्यात, शेवटी ओहोळाला मिळतं. मधल्या एका खाचरात चार फूट मुरूम पडला की वरच्या शेतकऱ्याचं रोप बुडून कुजतं आणि खालच्याचं पाण्यावाचून पिवळं पडतं. विकणारा एक, भोगणारे दोघं. पैशाचं मात्र उलट होतं. गोदामाची घरपट्टी ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत ते उभं आहे तिच्याच तिजोरीत जाते, बांधापलीकडच्या गावाला त्यातला रुपयाही मिळत नाही. चिंबीपाड्याकडच्या किंवा वज्रेश्वरीच्या पुढच्या पाड्यांमध्ये गोदाम नाही, म्हणून कर नाही, आणि कर नाही म्हणून सगळी भिस्त सरकारी अनुदानावर.

शेती करणाऱ्या लहान वस्त्यांना ही अडचण नवी नाही. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, गव्हाच्या अफाट माळरानावर, शंभर वर्षांपूर्वी गावं अशीच विरळ होती. डॉक्टर यायचे आणि पोट भरत नाही म्हणून निघून जायचे. १९१४ साली सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेने आपला डॉक्टर टिकावा म्हणून करातून त्याला वर्षाला १,५०० डॉलर देऊ केले. ही पालिका म्हणजे एक गाव नव्हतं. मैलोन् मैल पसरलेली शेतं आणि त्यांतल्या वस्त्या तिच्यात होत्या, म्हणून प्रत्येक शेतकऱ्यावर येणारा बोजा सोसण्याजोगा राहिला. १९१६ मध्ये शेजारच्या पालिकांना मिळून इस्पितळ बांधता यावं असा कायदा तिथे झाला, आणि १९४७ मध्ये त्याच प्रांताने सगळ्या रहिवाशांसाठी इस्पितळ विमा सुरू केला. शेतकऱ्यांनी वर्गणीसारखा कर एकत्र केला, सरकार मागून आलं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

डॉक्टर देणं सरकारचं काम, ग्रामपंचायतीने ते ओझं का घ्यावं, असं कोणी विचारील. काम सरकारचंच आहे, त्यातून त्याला मोकळं करू नये. पण सरकारी निकष लोकसंख्येवर चालतात. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० मागे एक. हाताशी असलेली जनगणना मात्र २०११ ची आहे. त्यानंतर गोदामांत कामाला आलेले हमाल, खोल्यांतून भाड्याने राहणारी त्यांची कुटुंबं, रात्री ट्रकमध्ये झोपणारे चालक त्या आकड्यात नाहीत, पण ताप त्यांनाही येतो आणि रांग त्याच केंद्रासमोर लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: धूळ, कोंडी, आगीची धास्ती आम्ही सोसायची आणि पैसे दुसऱ्या गावाला का द्यायचे? गाऱ्हाणं खरं आहे. गोदामाला आग लागली की भिवंडी, ठाणे, कल्याणच्या बंबांची वाट पाहावी लागते. पण याच कारणासाठी चार गावांनी मिळून बंब आणि रुग्णवाहिका ठेवली तर पहिला फायदा गोदामाच्या गावाचाच आहे.

तिसरे म्हणतात, गावं महापालिकेत घाला म्हणजे प्रश्न मिटेल. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीतल्या २७ गावांकडे पाहावं. १९८३ मध्ये ती महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली, २०२० मध्ये त्यांतली १८ वेगळी काढायचं ठरलं. एवढी ये-जा करूनही पाणी आणि रस्त्यांची तक्रार तशीच आहे. पाण्याबाबत तर इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मुंबईचं बरंचसं पाणी याच तालुक्यातल्या पिसे-पांजरापूरहून जातं, आणि भातसा, तानसा उशाला असलेल्या शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात.

५ जून २०२५ पासून भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावातून थेट नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग खुला आहे. त्याच तालुक्यातल्या पाड्यावरच्या बाळंतिणीला प्रसूतिगृह गाठायला किती वेळ लागतो, हे मोजण्यासारखं आहे. ग्रामपंचायत अधिनियमात शेजारच्या ग्रामपंचायतींनी संयुक्त समिती नेमण्याची सोय आहे. सुरुवात एका रुग्णवाहिकेने आणि रात्री हजर राहणाऱ्या एका परिचारिकेने करता येईल. येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा गोदामांच्या घरपट्टीचा जमाखर्च वाचून दाखवायला सांगा, आणि शेजारच्या गावाबरोबर संयुक्त समिती नेमण्याचा ठराव त्याच बैठकीत मांडा.