त्वचेचे वय

चेहऱ्यावरून माणसाचे वय ओळखण्याची सवय आपणा सर्वांस असते. परंतु हा अंदाज पुष्कळदा चुकतो. तो का चुकतो, हे समजण्यास फार दूर जावे लागत नाही. शेतात आयुष्य घालविलेल्या एखाद्या वृद्धाच्या मानेची किंवा तळहाताच्या मागील बाजूची त्वचा पाहावी आणि मग त्याच्याच दंडाच्या आतील बाजूची त्वचा पाहावी. पहिली जाड, राठ, सुरकुतलेली आणि डागाळलेली दिसते. दुसरी थोडी पातळ व सैल झालेली असली, तरी मऊ आणि एकसारख्या रंगाची असते. दोन्ही जागांच्या त्वचेचे वय एकच, दोन्हींना मिळालेले अन्न व रक्त एकच. फरक एवढाच की, एक जागा वर्षानुवर्षे उन्हात राहिली व दुसरी सावलीत.

यावरून असे दिसते की, त्वचेला येणारे वार्धक्य दोन प्रकारचे असते. एक वयाबरोबर येते व ते कोणासही चुकविता येत नाही. दुसरे उन्हामुळे येते व ते बऱ्याच अंशी टाळता येते. तरुण दिसण्याच्या इच्छेने लोक ज्या उपायांवर पैसा खर्च करतात, त्यांपैकी बहुतेक पहिल्या प्रकाराशी निष्फळ झुंज देतात. दुसऱ्या प्रकाराकडे मात्र दुर्लक्ष होते.

हा विषय समजून घेण्यासाठी आपण राजस्थानातील चौमूं या गावाचे उदाहरण घेऊ. जयपूरच्या वायव्येस, सीकरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरांवर हे तहसिलीचे गाव वसलेले आहे. भोवतालची जमीन रेताड, पाऊस बेताचा आणि हवा कोरडी आहे. आसपास बाजरी, गहू व भाजीपाला पिकतो. बोरांच्या आणि आवळ्यांच्या बागाही आहेत. मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याहूनही वर जाते आणि ‘लू’ हा तप्त वारा वाहतो. अशा गावातील शेतकऱ्यास, मजुरास किंवा फेरीवाल्यास ऊन टाळून जगता येत नाही. विदर्भ व मराठवाड्यातील वाचकांस हे चित्र परके वाटणार नाही.

त्वचेची घडण

त्वचेचे मुख्य थर दोन. वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्या तळाशी नव्या पेशी सतत निर्माण होतात, हळूहळू वर सरकतात, मृत होऊन चपट्या बनतात आणि अखेर गळून पडतात. तरुणपणी या प्रवासास साधारण चार आठवडे लागतात. वय वाढते तसा तो मंदावतो. बाह्यत्वचेखाली अंतस्त्वचा असते. तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी आणि त्वचेला बळकटी देणाऱ्या तंतूंचे जाळे असते. या तंतूंत कोलॅजेन नावाचे प्रथिन प्रमुख होय.

कोलॅजेनच्या रेणूचे स्वरूप उलगडण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ व १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखांत असे दाखविले की, या रेणूत तीन साखळ्या वेणीच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. दोरखंडाला पिळामुळे बळ येते, तसेच येथेही घडते. त्वचेतील कोलॅजेन फार संथपणे बदलले जाते. आज त्यास झालेली इजा म्हणूनच पुष्कळ वर्षे टिकून राहते आणि वर्षांमागून वर्षे साचत जाते.

उन्हाचे अदृश्य किरण

सूर्यप्रकाशात डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण असतात, हे योहान व्हिल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ मध्ये शोधून काढले. पृथ्वीवर पोहोचणाऱ्या या किरणांचे दोन गट मानतात. ‘ब’ गटाच्या किरणांची तरंगलांबी कमी असते. ते मुख्यतः बाह्यत्वचेत शोषले जातात आणि त्वचा भाजणे, लाल होणे हे परिणाम प्रामुख्याने त्यांचेच. ‘अ’ गटाचे किरण अधिक खोल, अंतस्त्वचेपर्यंत पोहोचतात. या किरणांमुळे कोलॅजेनचे तुकडे करणारी विकरे त्वचेत वाढतात आणि नवे कोलॅजेन बनण्याचे काम मंदावते. जाळे विस्कटले की त्वचा सैल पडते व सुरकुत्या उमटतात.

‘ब’ किरण साध्या काचेत बहुतांशी अडतात, परंतु ‘अ’ किरण तिच्यातून आत येतात. याचे बोलके उदाहरण २०१२ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाने छापले. अठ्ठावीस वर्षे मालवाहू मोटार चालविलेल्या ६९ वर्षांच्या एका चालकाच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीहून कितीतरी अधिक सुरकुतलेली व जाड झालेली होती. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो व ऊन त्याच बाजूच्या खिडकीतून येते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा जयपूर-सीकर मार्गावर दिवसभर गाडी हाकणाऱ्याने उजव्या गालाची व हाताची काळजी घेणे इष्ट.

ऊन आणि त्वचा यांचा हा संबंध वैद्यांच्या ध्यानी पूर्वीच आला होता. हँबुर्गच्या पॉल गेर्सोन उन्ना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या त्वचेत होणाऱ्या बदलांचे वर्णन केले, त्यात या राठ त्वचेवर पुढे कर्करोग उद्भवतो हेही नोंदविले होते. म्हणजे सुरकुती ही केवळ सौंदर्याची उणीव नव्हे, तर आत झालेल्या हानीची ती बाहेर दिसणारी खूण होय.

भारतीयांच्या त्वचेत मेलॅनिन हे रंजकद्रव्य अधिक असते. ते जंबुपार किरण शोषून घेते. त्यामुळे गोऱ्या युरोपीय माणसापेक्षा आपल्या चेहऱ्यावर सुरकुत्या उशिरा येतात आणि त्वचेचा कर्करोगही कमी आढळतो. परंतु हे कवच अपुरे असते. आपल्याकडे उन्हाचा परिणाम प्रथम काळपट डागांच्या आणि रंगाच्या विषमतेच्या रूपाने दिसतो. सावळा रंग हा दोष नसून निसर्गाने दिलेली छत्री आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे रंग उजळण्याच्या मलमांमागे धावण्याचे कारण उरत नाही. अशा काही मलमांत पारा किंवा तीव्र स्टेरॉइड द्रव्ये आढळली आहेत. त्यांनी त्वचा पातळ व दुबळी होते आणि पाऱ्याने मूत्रपिंडासही अपाय होतो.

सावलीचे माप

ऊन किती तीव्र आहे, हे सांगणारे एक साधे साधन प्रत्येकाजवळ असते, ते म्हणजे स्वतःची सावली. सावली आपल्या उंचीहून आखूड असेल, तर सूर्य माथ्याकडे असतो व किरण तीव्र असतात. ती उंचीहून लांब असेल, तर किरणांना वातावरणातून तिरका व दीर्घ प्रवास करावा लागतो आणि त्यांची तीव्रता घटते.

चौमूं सुमारे २७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २१ जूनच्या मध्यान्ही, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या सुमारास, १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाची सावली जेमतेम १० सेंटीमीटर पडते. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही तीच सावली सुमारे १९५ सेंटीमीटर असते. जी दुपार डिसेंबरात सुखद व बरीच सौम्य, तीच जूनमध्ये त्वचेस घातक ठरते. शाळेच्या पटांगणात काठी रोवून विद्यार्थ्यांनी वर्षभर हे मोजमाप करून पाहावे. महाराष्ट्र अधिक दक्षिणेस असल्याने डिसेंबरातील सावली चौमूंपेक्षा आखूड भरेल, हेही त्यांच्या लक्षात येईल. रेताड भूमीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोरडी वाळू काही जंबुपार किरण परत वर फेकते, म्हणून डोक्यावर छत्री असूनही चेहऱ्यावर खालून ऊन पोहोचते.

वस्त्र हीच पहिली ढाल

राजस्थानातील पुरुषांचा साफा सुमारे आठ-नऊ मीटर कापडाचा असतो. त्याच्या अनेक थरांखाली डोके सुरक्षित राहते, पण गाल आणि मान उघडी राहतात. त्यासाठी साफ्याचा शेव मानेवर सोडणे उपयोगी पडते. स्त्रियांची ओढणी चेहरा झाकते, परंतु ती फार विरळ असेल तर किरण तिच्यातून आत येतात. कापडाची परीक्षा सोपी आहे. ते उजेडासमोर धरावे. पलीकडचे स्पष्ट दिसत असेल, तर किरणही जाणारच. घट्ट विणीचे, गडद रंगाचे व कोरडे कापड अधिक संरक्षण देते. भिजलेले पांढरे सुती कापड कमी. आपल्याकडील पागोटे, उपरणे, इरले यांच्या उपयोगाचाही याच दृष्टीने विचार करावा.

संरक्षणाने खरोखर काही साधते काय, याची पद्धतशीर परीक्षा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात नॅम्बूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात झाली. प्रकाशरोधक मलम रोज लावणाऱ्या गटाची तुलना स्वेच्छेनुसार लावणाऱ्या गटाशी करण्यात आली. पंचावन्न वर्षांखालील ९०३ प्रौढांच्या हाताच्या त्वचेचे ठसे घेण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार रोज मलम लावणाऱ्यांत साडेचार वर्षांच्या अखेरीस वार्धक्याच्या खुणा दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी होत्या. याच प्रयोगात काहींना गाजरातील पिवळ्या रंजकद्रव्याच्या, म्हणजे बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांचा एकंदरीत प्रभाव दिसून आला नाही. गोळी गिळून जे साधले नाही, ते ऊन अडविण्याने साधले. ऊन मलमाने अडवावे की कापडाने, हा सोयीचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे.

कोरडा वारा, तेल आणि साबण

बाह्यत्वचेच्या मृत पेशींचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असून त्यातील स्निग्ध पदार्थ चुन्याप्रमाणे सांधे बुजवितात. कोरड्या वाऱ्याने या भिंतीतून पाणी अधिक उडून जाते. तहानेनुसार पाणी पिणे आरोग्यास अत्यावश्यक आहेच, परंतु गरजेहून अधिक पाणी प्याल्याने सुरकुत्या नाहीशा होत नाहीत. त्वचेतील पाणी आतच राखणे, हा उपाय खरा. स्नान कोमट पाण्याने व थोडक्यात उरकावे आणि अंग किंचित ओलसर असतानाच तेलाचा पातळ हात फिरवावा. साबण अल्कधर्मी असतो, तर निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. म्हणून घाम व मळ जेथे साचतो, तेवढ्याच भागांस साबण लावणे पुरे.

राजस्थानात बाडमेर, बिकानेर या भागांत सापडणारी मुलतानी माती चेहऱ्यास लावण्याची चाल जुनी आहे. ही माती तेल शोषून घेते. तेलकट त्वचेस ती सोसते, परंतु उन्हाळ्यात कोरड्या त्वचेस ती अधिकच शुष्क करते. लिंबाचा रस लावून उन्हात जाणे तर टाळलेच पाहिजे. त्यातील काही द्रव्ये सूर्यकिरणांच्या योगे त्वचा भाजवितात आणि मागे काळे डाग राहतात. पदार्थ नैसर्गिक आहे, एवढ्यावरून तो निरुपद्रवी ठरत नाही.

आहार आणि व्यसन

कोलॅजेनची तिपेडी वेणी पक्की होण्यास क जीवनसत्त्व लागते. त्याच्या अभावी हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी रोज ८० आणि स्त्रीसाठी ६५ मिलिग्रॅम असे त्याचे प्रमाण सुचविले. चौमूंच्या बागांतील एखाद-दुसरा ताजा आवळा ही गरज भागवू शकतो. मात्र गरज भागल्यावर जास्तीचे जीवनसत्त्व मुख्यतः मूत्रावाटे निघून जाते. त्याने त्वचा आणखी तरुण होत नाही. डाळी, दूध, हिरव्या भाज्या व फळे यांचा समतोल आहारच त्वचेचे पोषण करतो.

याच्या उलट तंबाखूचा धूर त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करतो आणि कोलॅजेनच्या ऱ्हासास हातभार लावतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या अधिक पडतात, हे १९७१ मध्ये हॅरी डॅनिएल यांनी अमेरिकेत केलेल्या पाहणीत दिसून आले. विडीसही हाच नियम लागू आहे.

ऊन शत्रू नव्हे

हे सर्व वाचून कोणी उन्हास सर्वस्वी वर्ज्य मानू नये. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व त्वचेत ‘ब’ किरणांच्याच साहाय्याने बनते आणि भारतात त्याची उणीव पुष्कळांत, विशेषतः घरात वा पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांत आढळते. यातून मार्ग असा की, त्वचा लाल होण्याच्या बऱ्याच आधी थांबून, थोडा वेळ हातपायांवर ऊन घ्यावे व चेहरा झाकलेला ठेवावा. हातापायांचे क्षेत्रफळ चेहऱ्याहून पुष्कळ मोठे असल्याने चेहऱ्यास ऊन न लावताही गरज भागू शकते.

शेवटी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. घरी वा दुकानात बसणाऱ्यास उन्हाची वेळ निवडता येते; रोजंदारीवरील मजुरास ती निवडता येत नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली आणि विश्रांतीचा अवधी यांची तरतूद केली होती, ती याच जाणिवेने. जेथे जेथे उन्हात काम चालते, तेथे उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करून दुपारी थांबविणे, जवळ मांडव उभारणे, शाळेची कवायत सकाळी आटोपणे आणि रस्त्याच्या कडेला झाडे लावणे, या गोष्टी गावाने मिळून करावयाच्या आहेत. त्वचेची हानी लहानपणापासून साचत जाते; म्हणून या सवयींचा आरंभही शाळेच्या वयातच व्हावा.