साडी नेसलेली मरियामाता

ख्रिस्ती वाचकहो, आपल्या घरातील पवित्र मरियामातेचे चित्र एकदा निरखून पाहा. बहुधा तिचा वर्ण गोरा आणि पेहराव युरोपीय असतो. वास्तविक ही माता आशिया खंडातील, यहुदी कुळातील. तथापि इटलीच्या चित्रकारांनी तिला आपल्या देशातील स्त्रीचे रूप दिले आणि ते कोणासही खटकले नाही. तोच अधिकार एका भारतीय कॅथलिक चित्रकाराने वापरला, तेव्हा मात्र त्यास स्वकीयांचा रोष सोसावा लागला.

त्यांचे नाव आंजेलो द फोन्सेका. आपल्या जोयडा तालुक्याच्या पश्चिमेस, घाटाखाली गोमंतक आहे; तेथील सांत इस्तेव्ह बेटावर १९०२ साली त्यांचा जन्म झाला. वैद्यकाचा अभ्यास अर्धवट सोडून ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत गेले. परंतु तेथील पाश्चात्य वळणात त्यांचे मन रमेना. म्हणून त्यांनी बंगाल गाठले आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांना गुरू केले. अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस प्रभृती कलावंतांनी त्या प्रांती एक नवी परंपरा उभारली होती. अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि मुघल-राजपूत लघुचित्रे यांतून भारतीय चित्रकलेने पुन्हा आपली वाट शोधावी, असा तिचा आग्रह होता. त्या कलावंतांचे विषय मुख्यत्वे पुराणांतील आणि इतिहासातील. फोन्सेकांनी त्याच रेषेत शुभवर्तमान रंगविले.

विद्या संपादून ते गोमंतकात परतले. त्यांच्या चित्रांत मरियामाता सावळी होती. ती साडी नेसलेली होती. पोर्तुगीज अमलाखालील अनेक प्रतिष्ठितांस आणि काही धर्मगुरूंसही हे अनुचित वाटले. अखेर फोन्सेकांनी गोमंतक सोडले. पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांस आसरा दिला. तो आश्रम अँग्लिकन बंधूंचा होता. कॅथलिक चित्रकारास परक्या अंगणात जागा मिळावी, ही गोष्ट आपणांस अंतर्मुख करणारी आहे. तरीही त्यांनी आपली श्रद्धा सोडली नाही, कुंचलाही ठेवला नाही. येशूसंघीय इतिहासकार फादर हेरास यांनी त्यांस सतत प्रोत्साहन दिले.

हे धाडस अगदीच नवे होते काय? फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. परंतु त्यांनी ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. शब्दाने जे त्या काळी साधले, तेच फोन्सेका रंगाने साधू पाहत होते. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनाविषयक संविधान प्रसिद्ध केले. ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. त्यानंतर चार वर्षांनी, २८ डिसेंबर १९६७ रोजी, फोन्सेका पुण्यात निवर्तले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोमंतकातच, पर्वरी येथील येशूसंघीयांच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. चित्रकार परतला नाही, चित्रे परतली.

जुन्या तसबिरी उतरवाव्यात, असे मी म्हणत नाही. आपल्या आजीने त्यांच्यापुढेच रोझरीचे मणी ओढले. त्या पूज्यच आहेत. मात्र आपल्यातील एखादे मूल नाताळच्या गोठ्यात मरियामातेस आपल्या आईसारखे लुगडे नेसवील, तर त्याला हसू नका. ज्या मातेपाशी आपण आपल्या भाषेत रडतो, ती आपल्या वेषात दिसली तर परकी होत नाही.