पाळणाघरातील इंद्रियांचे खेळ

मानखुर्दसारख्या उपनगरात आईबाप कामाला गेले की दोन वर्षांचे मूल शेजारच्या पाळणाघरात येते. खोली लहान, म्हणून मुलाने गुपचूप बसावे अशी आपली अपेक्षा असते. आम्हांला ती अपेक्षाच चुकीची वाटते. या वयाचे मूल हाताने, कानाने, नाकानेच जग ओळखते. त्याचा हात अडवला, की त्याचे शिकणे अडते.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा माँटेसोरीच्या किमती साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने यांवर काम भागविले. आपल्यापाशी तर स्वयंपाकघर आहे. मुलाला कणकेचा गोळा मळू द्यावा, ओले-कोरडे फडके चाचपू द्यावे, डब्यावर चमचा वाजवू द्यावा, कोथिंबीर हुंगू द्यावी.

मात्र तीन वर्षांखालचे मूल हाती येईल ते तोंडात घालते. म्हणून बोर्डीच्या बिया येथे नकोत. चिंचोके, मणी, शेंगदाणेही नकोत. पाणी उथळ थाळीतच द्यावे, शेजारी बसून राहावे, आणि खेळ संपताच थाळी पालथी करावी. बादलीतले वीतभर पाणीही मुलाचा जीव घेऊ शकते.

संध्याकाळी आई विचारते, "त्रास नाही ना दिला?" तिला सांगावे, "आज त्याने कणीक मळली."