देहदानाचा फॉर्म भरलाय, पण घरच्यांना माहीत आहे का?



वर्गात अवयवदानाचा विषय निघाला की मुलं हमखास विचारतात, "सर, मेलेल्या माणसाचं हृदय दुसऱ्याला कसं चालतं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. अवयवदान, नेत्रदान आणि देहदान हे शब्द आपण एका दमात बोलतो, पण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ठाऊक नसला की ऐन वेळी घरात धांदल उडते आणि गेलेल्या माणसाची इच्छा तशीच राहून जाते.

१. अवयवदान : हृदय, यकृत, मूत्रपिंड यांना रक्तपुरवठा थांबला की ते लवकर निकामी होतात. म्हणून हे अवयव सहसा मेंदूमृत रुग्णाकडूनच घेतात. अशा रुग्णाचा मेंदू कायमचा थांबलेला असतो, पण व्हेंटिलेटरमुळे हृदय चालू असतं. १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू जाहीर करतं. घरी शांतपणे मरण आलं तर हे अवयव देता येत नाहीत.

२. नेत्रदान आणि त्वचादान : ही दोन्ही दानं मात्र घरी मृत्यू झाला तरी करता येतात. मुदत साधारण सहा तासांची. डोळ्यातला पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, दोन अंध व्यक्तींना दृष्टी देऊ शकतो. चष्मा असला किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत पापण्या मिटाव्या, त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. त्वचेचा पातळ थर पाय आणि पाठीवरून घेतात. भाजलेल्या रुग्णाच्या जखमा झाकायला तो उपयोगी पडतो.

३. देहदान : इथे संपूर्ण शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला दिलं जातं. मृतदेहावरून शरीर शिकण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावा आणि मग थर हळूहळू खरवडून आतले भाग पाहावेत, असं सुश्रुतसंहितेत सांगितलंय. आता धमनीतून फॉर्मॅलिनसारखी रसायनं सोडून देह टिकवतात. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं त्यावर शिकतात. पुस्तकातली नस ठरलेल्या जागी असते, पण प्रत्यक्षात माणसागणिक थोडा फरक पडतो, आणि तो हाताखालीच कळतो. अनुभवी सर्जनही नवी शस्त्रक्रिया जिवंत रुग्णावर करण्याआधी मृतदेहावर सराव करतात. अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी पहिल्याच दिवशी या देहाचा मान राखण्याची शपथ घेतात.

आपल्या राज्यात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देण्याची सोय केली. पण ज्याला कुणी विचारलंच नाही त्याचा देह घेणं वेगळं आणि कुणी समजून-उमजून दिलेला देह वेगळा. दुसरा मार्गच अधिक सन्मानाचा, नाही का?

देह केव्हा नाकारला जातो? पोलीस केस असेल, पोस्टमॉर्टेम झालं असेल, एचआयव्ही किंवा कावीळ-बीसारखा संसर्ग असेल किंवा देह कुजू लागला असेल तर महाविद्यालय सहसा नकार देतं. मोठे अवयव काढले असतील तरीही बहुधा नकार येतो. नेत्रदान केलेलं मात्र चालतं. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फॉर्म भरला म्हणजे देहदान झालं असं नाही. फोन करायचा तो घरच्यांनी, आणि सही करायची तीही त्यांनीच. जवळच्या एखाद्या नातेवाइकाने विरोध केला तर महाविद्यालय देह घेत नाही. २०१० साली दोन महिन्यांत दोन मोठ्या नेत्यांचं देहदान झालं. ज्योती बसूंचा देह कोलकात्यात दिला गेला. आजच्या हिंगोली जिल्ह्यात जन्मलेले नानाजी देशमुख चित्रकूटला गेले, आणि त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला नेण्यात आला. विचारांनी दोघं दोन टोकांचे, पण दोघांची इच्छा जवळच्यांना ठाऊक होती, म्हणून ती पुरी झाली.

घरात अडतं ते बहुतेकदा विधींपाशी. देह परत मिळत नाही आणि बहुतेक ठिकाणी अस्थीही मिळत नाहीत. हे आधीच सांगून ठेवायला हवं. अंत्यदर्शन, पूजा, प्रार्थना मात्र देह नेण्याआधी घरी करता येते. ज्या आजीला हे पटत नसेल तिला चुकीचं ठरवू नये. तिचं म्हणणं ऐकून घ्यावं, आणि तेही माणूस हयात असताना, निवांतपणी.

तेव्हा ज्यांनी फॉर्म भरलाय त्यांनी आज तीन कामं करावी. मुलांना, भावंडांना इच्छा स्पष्ट सांगावी. जवळच्या महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा आणि नेत्रपेढीचा नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घालावा. आणि ते कार्ड कपाटाच्या तळाशी न ठेवता रेशनकार्डाच्या फाईलमध्ये ठेवावं, म्हणजे वेळेला सापडेल.