संगणकाच्या लेखनांतील पदच्छेद

संस्कृताच्या वर्गांत पदच्छेदाचा आग्रह आम्हीं जन्मभर धरला. 'नतेन' असें जोडून लिहिलें तर 'नम्र झालेल्यानें', आणि 'न तेन' असें तोडलें तर 'त्यानें नव्हे'. एवढ्याशा मोकळ्या जागेनें होकाराचा नकार होतो. संगणकाच्या लेखनांतही हीच जागा अनर्थ करूं शकते, हें मात्र साठी उलटल्यावर मुलुंडच्या घरीं सूनबाईंकडून आम्हांस कळलें.

सूनबाई लोकसंख्येच्या आंकड्यांचा अभ्यास करितात. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ सालीं स्थापन झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचें काम तिच्याकडे आहे. वयाच्या मानानें उंचीचा अंक उणे दोनहून कमी असेल, तें बालक खुरटलेलें गणितात. २०१९-२१ च्या पाहणींत पांच वर्षांखालील शेंकडा ३५.५ बालकें अशीं आढळलीं.

हें गणित सूनबाई 'आर' नांवाच्या संगणकभाषेंत करितात. न्यूझीलंडांतील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं ती रचली. तींत 'उंची < -२' म्हणजे 'उंचीचा अंक उणे दोनहून कमी आहे काय?' हींच चिन्हें 'उंची<-२' अशीं चिकटलीं, कीं प्रश्नाची आज्ञा होते: 'उंचीच्या जागीं दोन मांड.' संगणक ती निमूटपणें पाळतो. सूनबाईंच्या हातून एकदां असेंच झालें, आणि कोष्टकांत एकही खुरटलेलें मूल उरलें नाहीं! इतका शुभ निकाल पाहून त्यांस आनंद न होतां शंका आली, म्हणून निभावलें.

उपाय सोपा आहे. चिन्हाच्या दोन्ही अंगांस जागा सोडावी. 'क्ष१', 'क्ष२' यांऐवजीं 'मातेचें_वय' अशीं अर्थवाही नांवें द्यावीं. ओळ ऐंशीं अक्षरांपलीकडे नेऊं नये. टीपेंत काय केलें यापेक्षां कां केलें तें सांगावें. मुख्य म्हणजे नियम सर्वत्र एकच असावे. एका पानावर तीन तऱ्हा असल्या म्हणजे चूक गर्दींत लपते. वळण एकच असलें म्हणजे वांकडी ओळ डोळ्यांत खुपते.

कोणी म्हणेल, संगणकास समजलें म्हणजे झालें. आमच्या पणजोबांच्या पेटींत मोडी कागद आहेत. मोडींत शब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नव्हती. लिहिणारास तें लख्ख कळत असे. आज घरांत कोणासही एक ओळ लागत नाहीं. संगणकाच्या लेखनास तेवढीं वर्षेंही लागत नाहींत. सहा महिन्यांमागचें स्वतःचेंच लिखाण सूनबाईंस उलगडेना.

आतां काम पाठविण्यापूर्वीं त्या तें आमच्या पुढ्यांत ठेवितात. "मामंजी, कोठें अडतें?" असें विचारितात. ती भाषा आम्हांस येत नाहीं. पण ज्या नांवाशीं आम्ही अडतों, तें त्या बदलतात. परवां एका ओळीवर आम्हीं बोट ठेविलें आणि "पदच्छेद, सूनबाई!" एवढेंच म्हणालों. चिन्हें चिकटलेलीं होतीं.