निम्मी वीज, निम्मी झीज?

अमळनेरहून धुळेमार्गे साक्रीच्या पुढे गेलं की छडवेल, टिटाणे, ब्राह्मणवेल भागातल्या माळांवर पवनचक्क्या दिसू लागतात. ब्राह्मणवेलचा प्रकल्प ५२८ मेगावॉटचा. या परिसरात पुण्याच्या सुझलॉनची १२५० किलोवॉटची बरीच यंत्रं आहेत. पावसाळ्यात इथे वारा जोरात असतो, आणि नेमके तेव्हाच शेतीपंप थंडावलेले असतात. वीज जास्त झाली तर भार प्रेषण केंद्राकडून ‘बॅकडाऊन’चा, म्हणजे उत्पादन घटवण्याचा, निरोप येऊ शकतो.

उत्पादन निम्म्यावर आणलं म्हणजे यंत्राला तेवढीच विश्रांती, असं सहज वाटतं. झिजेचा हिशेब मात्र इतका सरळ नाही.

धातू थकतो तो नुसत्या ओझ्याने नाही, तर ओझं पुन्हापुन्हा कमीजास्त झाल्याने. जर्मन अभियंता ऑगस्ट वोलर याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवलं. ओझ्याचा हा झोका दहा टक्क्यांनी लहान झाला, तर पोलादी वेल्डची झीज साधारण एक तृतीयांशाने घटते आणि फायबरच्या पात्याची जवळपास दोन तृतीयांशाने. कमी उत्पादनाचा मोह इथूनच सुरू होतो.

पाती थोडी वळवून वारा सोडून दिला की मनोऱ्यावरचा रेटा घटतो. नेमून दिलेली कमाल क्षमता गाठताना हा रेटा सर्वांत जास्त असतो, म्हणून फायदाही तिथेच मोठा. पण पात्याच्या मुळाशी पाहा. प्रत्येक फेऱ्यात ते स्वतःच्याच वजनाने एकदा या कडेला वाकतं, एकदा त्या कडेला. मिनिटाला वीस फेरे धरले, तर वर्षातल्या सहा हजार तासांत ७२ लाख वेळा! वेग तोच ठेवून वीज निम्मी केली, तरी या ७२ लाखांतला एकही कमी होत नाही. वेग उतरवला तर फेरे घटतात खरे. पण पात्यांच्या फेऱ्यांची लय मनोऱ्याच्या नैसर्गिक डोलण्याशी जुळली, तर नवंच दुखणं मागे लागतं.

समुद्रात हे कोडं आणखी अवघड होतं. डेन्मार्कच्या विंडेबीत १९९१ साली जगातली पहिली सागरी पवनचक्क्यांची वसाहत उभी राहिली: ११ यंत्रं, प्रत्येकी ४५० किलोवॉट. आजची यंत्रं त्यांच्या कितीतरी पट उंच. त्यांचा मनोरा साधारण चार सेकंदांत एक झोका घेतो, आणि लहानसहान लाटाही चार-पाच सेकंदांच्या अंतराने येतात.

फिरतं चक्र हा डोल आवरतं: मनोरा वाऱ्याकडे झुकला की पात्यांवर रेटा वाढतो, मागे गेला की घटतो. चक्र थांबवलं की हा लगाम सुटतो, आणि लाटांना मोकळं रान मिळतं. म्हणून लाटा खवळलेल्या असताना यंत्र साफ बंद ठेवण्यापेक्षा कमी क्षमतेवर फिरतं ठेवणं पायाच्या खांबाला अनेकदा मानवतं. खान्देशच्या माळावर लाटा नाहीत, त्यामुळे ‘बंद ठेवा’ आणि ‘कमी चालवा’ यांतला फरक तिथे इतका बोचत नाही.

भारताच्या समुद्रात अजून अशी वसाहत नाही. गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांसमोर प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिथले करार लिहिताना न विकलेल्या युनिटांची भरपाई ठरेलच. पण वीज पाती वळवून घटवली, वेग उतरवून की यंत्र थांबवून, याचीही नोंद तासागणिक ठेवायला हवी. खांबाचं उरलेलं आयुष्य त्याशिवाय मोजता येणार नाही.