घाट उतरायचा तो गिअरातच

ट्रकवर नव्यानं बसलेल्या पोराला आधी शिकायचं असतं ते गाडी आवरणं. पळवणं काय, आपसूक जमतं. बोरघाट किंवा कसारा उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची खोड अनेकांना लागते. मग सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, ब्रेक धरेनासे होतात, आणि सारखं पेडल मारत राहिलं की एअर ब्रेकच्या टाकीतली हवाही उतरते. म्हणून जुने उस्ताद बजावतात, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. तोही उतार लागायच्या आधीच टाकायचा. भरल्या गाडीनं एकदा वेग घेतला की खालचा गिअर पडेल याचा भरवसा नाही.

दुसरं, टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा. ढाब्यावर गाडी लागली की चहाच्या आधी चाकांभोवती एक चक्कर आणि प्रत्येक टायरवर एक ठोका. हवा असलेला टायर टणकन वाजतो, टॉमी उसळते; बसलेला नुसता भद्द करतो. जोडचाकातला आतला टायर बसलाय हे नजरेला चटकन कळत नाही, ठोक्याला कळतं. (पूर्वी हे क्लीनरचं काम. आता बऱ्याच गाड्यांवर क्लीनरच नसतो.)

निघताना ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाची, मुदतही बघून घ्या: साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस.

आणि हो, 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मालट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. फारच उशिरा सुचलं, पण सुचलं!